कोपऱ्यातली गादी

६ नोव्हेंबर

मामा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आपण दोघंही नुसतं ओरडत बसतो, म्हणून लिहितो.

बाबांच्या सामानातलं वाजण्याजोगं काही उरलं नाही. टर्नटेबलचा पट्टा वितळून चाकाला डिंकासारखा चिकटलाय. एका स्पीकरच्या कागदाला भोक पडलंय, आत झुरळांची अंडी निघाली. दुसरा उघडायची हिंमत झाली नाही. ही म्हणाली, आधी हे घराबाहेर काढा. काढलं.

आता मला नव्यानं सगळं जमवायचंय. एका वेळी एकच वस्तू घेता येईल. म्हणून विचारतो: यात सगळ्यात महत्त्वाचं काय? सुरुवात कशापासून करू? मी आणि आणखी सहा जण रविवारी तबकड्या ऐकायला जमतो, आळीपाळीनं एकेकाच्या घरी. सहा जणांची सहा मतं. दातांचा डॉक्टर म्हणतो स्पीकर, बाकी सगळी हमाली. औषधांच्या दुकानवाला म्हणतो सुई. तिनं तबकडीतून जे उचललंच नाही ते पुढे कोण देणार? बँकवाला तारांवर अडून बसलाय. माझ्या घरी अजून कोणी आलेलं नाही. यावं असं काही नाहीच. मागच्या रविवारी डॉक्टर म्हणाला, "काय नकाशेवाले, तुमचा नंबर कधी? की नुसतेच आमचे चहा पीत फिरणार?" सगळे हसले. मीही हसलो.

तुम्ही चाळीस वर्षं हेच काम केलंत. बाबांचा अँप्लिफायर तुम्ही हातानं बांधला होता आणि ते गेल्यावर तो तुम्ही परत नेलात, ते योग्यच झालं. इथे त्याचीही झुरळं झाली असती. तुम्ही सांगाल तसंच करीन.

आई बरी आहे. खोकला आहेच.

बाळ्या


१४ नोव्हेंबर

बाळ्या,

झुरळांचं लिहिलंस ते बरं केलंस. मी आयुष्यभर लोकांच्या लाडक्या वस्तूंची मागची झाकणं उघडली. पुढे पॉलिश, मागे उंदरांच्या लेंड्या. आणि गिऱ्हाईक विचारणार, आवाजात ती पूर्वीची गोडी का नाही हो?

तुझे सहाही जण मूर्ख आहेत. तारांवर अडलेला सर्वांत मोठा. तारेबद्दल डोळे मिटून बोलणाऱ्याला मी दुकानाच्या पायरीवर उभं केलं नसतं. स्पीकर म्हणणारा त्यातल्या त्यात कमी मूर्ख. पण तोही चुकतोय.

सगळ्यात महत्त्वाची खोली.

स्पीकर जे वाजवतो ते तू ऐकत नाहीस. खोली जे परत फेकते ते ऐकतोस. भिकार खोलीत उत्तम स्पीकर ठेवलास तर भिकारच ऐकू येईल, फक्त जास्त स्पष्ट. हे तुला कुणी सांगणार नाही, कारण खोली दुकानात मिळत नाही.

तेव्हा अजून काही घेऊ नकोस. घरातली सगळ्यात चांगली खोली निवड. चौरस नको. लांबी रुंदीच्या दुप्पट नको. रस्त्याच्या बाजूची नको. एकच दार असलेली बरी. निवडलीस की रिकामी कर. पूर्ण. मग मधोमध उभा राहून टाळी वाजव आणि काय ऐकू आलं ते लिही.

मी अजून रोज दोन तास ऐकतो. वरचे सूर गेले आहेत, ते आठवणीनं भरतो. इथल्या डॉक्टरनं गळ्यात मारलेलं कानाचं यंत्र खणात पडलंय. त्यातून सगळं पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं ऐकू येतं. ओकारी येते.

ताईला म्हणावं, वाफ घे.

मामा


३० नोव्हेंबर

मामा,

तुमचं पत्र मी रविवारी सगळ्यांना वाचून दाखवलं. मूर्ख हा शब्द गाळला. डॉक्टरनं ते खोलीचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, माणूस जाणकार दिसतो.

घरात तीन खोल्या. आमची चौरस. पुढची रस्त्यावर. तिसरी मागच्या बाजूला, अकरा फूट बाय साडेतेरा, उंची सव्वानऊ. एक दार, एक खिडकी. तुम्ही न बघता वर्णन केलंत ती हीच. दुसरा पर्यायच नव्हता. ही म्हणाली, बघा बाई, हे बरं दिसतं का? मी म्हटलं, मामांनी सांगितलंय.

रिकामी करायला दोन रविवार गेले. कपाट हलवलं, खिळे उपटले, भोकं बुजवली. फरशीवर पलंगाच्या चार पायांचे डाग राहिलेत, घासून जात नाहीत.

टाळी वाजवली. टाळीच्या मागून चर्र असा आवाज येतो, पत्रा हलवावा तसा. आणि मोठ्यानं बोललं की खालचा सूर कोपऱ्यात जाऊन घुमत राहतो. काय करू?

बाळ्या


७ डिसेंबर

बाळ्या,

खोली चांगली आहे. असलं माप मिळायला नशीब लागतं.

चर्र येतं ते समोरासमोरच्या नागड्या भिंतींमुळे. स्पीकर जिथे येणार तिथे दोन स्टुलं ठेव. तू खुर्चीत बस, हलू नकोस. दुसऱ्या माणसानं तुझ्या कानाच्या उंचीवर भिंतीला आरसा टेकवून तो हळूहळू सरकवत न्यायचा. ज्या जागी तुला आरशात स्टूल दिसेल तिथे खूण करायची. तिथे जाड कापड. दोन्ही भिंतींना हेच. घाई करणारा माणूस घेऊ नकोस.

घुमणं कोपऱ्यात साठतं. तिथे कापूस लागेल. जुना, वर्षानुवर्षं दबलेला असेल तर उत्तम. दुकानातल्या फोमच्या फळ्या घेशील तर मला तोंड दाखवू नकोस.

डागांचं मनाला लावून घेऊ नकोस. वर सतरंजी टाक.

मामा


४ जानेवारी

मामा,

झालं! कालचा रविवार माझ्या घरी झाला.

तुम्ही लिहिलं तसंच सगळं केलं. आरसा धरायला आई होती. हिला वेळ नव्हता, आणि तुम्ही लिहिलं होतं घाई करणारा माणूस नको. आईला कसलीच घाई नसते. पण तिचे हात कापतात, त्यामुळे स्टूल दिसतंय म्हणेपर्यंत नाहीसं व्हायचं. मधेच खोकला आला की आरसा दोन बोटं खाली. "दिसलं का रे?" "नाही, थोडं पुढे." असं तासभर. शेवटी चार खुणा मिळाल्या. चर्र गेलं.

कोपऱ्यात घरातलीच एक कापसाची गादी उभी करून दोरीनं बांधली. निळ्या पट्ट्यांची, फार जुनी, दगडासारखी झालेली. घुमणं सुरीनं कापल्यासारखं थांबलं. औषधवाल्याला थोडा वास आला, पण त्याला सगळीकडेच येतो.

स्पीकर नवे घेतले. डॉक्टर मधल्या खुर्चीत बसला. चेलोच्या तबकडीची एक बाजू संपेपर्यंत पापणी हलवली नाही. मग म्हणाला, "नकाशेवाले, आता दर रविवारी इथेच." दर रविवारी, मामा.

टर्नटेबल बँकवाल्याचं, अँप्लिफायरही उसना आहे. तुमचे बांधलेले दोन आहेत ना, तुमचा आणि बाबांचा? बाबांचा इथे आला तर त्या खोलीचं सार्थक होईल. पेटी नीट बांधून पाठवाल?

बाळ्या


१२ जानेवारी

बाळ्या,

निळ्या पट्ट्यांची म्हणतोस. एका कडेला, लांबीच्या मधोमध, खळगा आहे का तिला? उशाकडची शिवण दोनदा घातलेली, दुसऱ्या वेळी पांढऱ्या दोऱ्यानं?

ती गादी आमच्या आईनं भरून घेतली होती. दुसरी शिवणही तिचीच. लहानपणी मी तिच्यावर उजवीकडे झोपायचो, ताई डावीकडे. लग्नानंतर ताई ती घेऊन गेली. खळगा डावीकडे असणार. बघ आणि लिही.

आणि लिही, की ताई आता कशावर झोपते. कुठे झोपते.

मामा


२५ जानेवारी

मामा,

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. मी काही गुन्हा केल्यासारखं विचारता.

आई स्वयंपाकघराच्या मागच्या बोळात झोपते. नवी घडीची खाट आणली. पडदा लावला. तिला स्वयंपाकघर जवळ, पाणी जवळ. जबरदस्ती कुणी केली नाही. मी विचारलं तेव्हा ती "असू दे" म्हणाली. नको असतं तर तसं म्हणाली असती.

शिवाय घरातली सगळ्यात चांगली खोली निवड, रिकामी कर, हे तुम्ही लिहिलंत. चौदा नोव्हेंबरचं पत्र माझ्यासमोर आहे. "पूर्ण" हाही तुमचाच शब्द.

अँप्लिफायरचं काही लिहिलं नाहीत.

बाळ्या

ता. क. खळगा डावीकडेच आहे.


३१ जानेवारी

ताई,

तुझ्या मुलाची चारही पत्रं मी पुन्हा वाचली आणि मला किळस आली. त्यानं तुझ्या हातात आरसा दिला आणि स्वतः खुर्चीत बसला. तुझी गादी कोपऱ्यात दोरीनं बांधली. हे सगळं मला आनंदानं लिहून कळवलं, शाबासकी मिळेल म्हणून. मी त्याला कडेवर घेतलेलं आहे. आता ते हात धुवावेसे वाटतात.

हा थेट दाजींवर गेला. दाजींनाही तुझा श्वास चालायचा नाही. तबकडी लागली की तुला बाहेर घालवायचे. माझ्यासमोर. मला तेव्हाही ते बघवायचं नाही.

तू असू दे का म्हणालीस? तोंड नव्हतं का तुला? मी त्याला असं पत्र लिहिणार आहे की त्याच्या सहाही मित्रांना वाचून दाखवता येऊ नये.

भाऊ


११ फेब्रुवारी

भाऊ,

तू एवढा संतापलास ते वाचून मला हसू आलं, आणि मग खोकला.

बोळ साडेपाच फूट रुंद आहे. तुझ्या भाच्यानं मोजलाय. एका भिंतीला ओल आहे. मोरीचं पाणी माझ्या उशाखालून जातं असं वाटतं, खरं तर भिंतीतून जातं. पडद्याला फोडणीचा वास बसलाय, आता मलाही. खाट मधे लोंबते. डावी नाही आणि उजवीही नाही. मागच्या खोलीत सकाळचं ऊन यायचं, त्यानं छाती मोकळी व्हायची. बाकी मला त्या खोलीचं काही नाही.

रविवारी ते येतात तेव्हा मी जिन्यात जाऊन बसते. मला कुणी सांगितलं नाही. पहिल्या रविवारी बोळात खोकले तर तो दार उघडून बाहेर आला, नुसतं बघितलं. त्याच्या वडिलांसारखंच. मग मी समजले. शेजारीण खुर्ची देते. म्हणते, "आजी, तुमच्याकडे पाहुणे आले की तुम्हीच बाहेर कशा?" मी म्हटलं, मला संगीत चढतं.

त्याला शिव्या लिहू नकोस. तुला शोभत नाही. त्याचे वडील मला बाहेर घालवायचे आणि तुला ते बघवायचं नाही, असं लिहिलंस. तुला न बघवायला काय झालं होतं? तू डोळे मिटून दुसऱ्या खुर्चीत असायचास. माझा खोकला दाराच्या फटीतून आत येतो म्हणून त्या दाराला रबर कुणी लावलं? यांना खिळा ठोकता येत नव्हता. सायकलची जुनी ट्यूब आणून तू लावलंस. कापायला कात्री मी आणून दिली. दार लावून घेतलंस आणि आतून म्हणालास, "ताई, खोक बघू." मी खोकले. "आणखी जोरात." खोकले. मग तू ओरडलास, "आता काही नाही!" फार खूश होतास. बाहेर येऊन माझ्या पाठीवर थाप मारलीस.

बाइंडिंगच्या कारखान्यात कागदाची धूळ तीस वर्षं खाल्ली, तेव्हा घरात पगार येत होता. त्या पगारातून तुमच्या तबकड्या आल्या. हे मी कधी म्हटलं नव्हतं. आज म्हटलं.

ताई


१८ फेब्रुवारी

ताई,

आठवतं. थापही आठवते.

भाच्याला लिहायला घेतलं होतं ते फाडलं. त्यात त्याच्याबद्दल जे जे होतं ते वाचताना शाई माझ्याच हाताला लागत होती.

आरसा मी सांगितला. कापूस मी सांगितला. पलंगाच्या चार डागांवर सतरंजी टाक म्हणून मी लिहिलं. कुणाचा पलंग, हे विचारायचं सुचलं नाही. खोलीचं माप चांगलं होतं म्हणून आनंदात होतो.

तू इकडे ये.

भाऊ


२६ फेब्रुवारी

भाऊ,

येते म्हणायला माझं काही जात नाही. पण तुझ्याकडे दोनच खोल्या. एकीत तू झोपतोस, दुसरीत ऐकतोस. बोळसुद्धा नाही. मला कोणत्या खोलीत ठेवणार ते लिही. मग ठरवीन.

आले तर गादी घेऊन येईन.

ताई


५ मार्च

ताई,

ऐकतो त्या खोलीत.

रिकामी केली. स्पीकर कबाडीवाल्याला दिले. तो म्हणाला, आजोबा, वाजतात का? म्हटलं, मला विचारू नकोस. अँप्लिफायर दोन्ही माझ्या खोलीत आणले. इथल्या दारालाही मी तसंच रबर लावलं होतं, ते ओढून काढलं. ते सगळं निघालं नाही. चौकटीवर काळी चिकट रेघ राहिली आहे. रॉकेल लावून रोज घासतो. बोटांना वास राहतो, जेवण जात नाही.

खिडकीवर मी फळी ठोकून वर गादीचं कापड लावलं होतं, बावीस वर्षांपूर्वी. तीही काढली. मागे भिंत असेल असं वाटत होतं. झाड आहे. ऊन येतं का ते बघायला सकाळी तिथे बसलो. येतं. साडेसात ते दहा.

भाऊ


२ एप्रिल

मामा,

आई नीट पोचली हे हिच्याकडून कळलं. टेंपोत पुढे बसायला तयार नव्हती, मागे गादीला धरून बसली. मी म्हटलं, आई, लोक काय म्हणतील. म्हणाली, दोरी सोड. गादीची दोरी मीच बांधली होती ना, गाठ तिला सुटेना. मी सोडली. एवढंच बोलणं झालं. हिच्याशी मात्र बराच वेळ बोलली. काय बोलली ते ही सांगत नाही. तेव्हापासून माझ्याशीही धड बोलत नाही.

गादी गेल्यापासून खोली पुन्हा घुमते. पहिल्यापेक्षा वाईट. मी फोमच्या फळ्या आणल्या, तुम्ही नको म्हणाला होतात तरी. काही फरक नाही. नव्या कापसाची गादी करून घेतली. ती फुगीर आहे, नुसती दिसते. मागच्या रविवारी डॉक्टर अर्ध्यात उठला. "नकाशेवाले, काहीतरी बिघडलंय बुवा." पुढचा रविवार औषधवाल्याकडे ठरला.

बोळ रिकामा आहे. घरात कुणी खोकत नाही. तरी हळू भाग आला की माझं लक्ष दाराकडे जातं. असं का होत असेल? खोलीचाच दोष ना हा?

गादीच्या जागी काय ठेवू? आणि तुम्ही ऐकणं सोडलंत असं आईनं हिला लिहिलंय. मग बाबांचा अँप्लिफायर पडूनच असेल. पाठवता का?

बाळ्या


१० एप्रिल

बाळ्या,

अँप्लिफायर पडून नाही. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापले की वरची जाळी गरम होते, तिच्यावर ताईचे रुमाल वाळतात. दुसऱ्यावर तिची औषधाची बाटली कोमट राहते. दाजींचा जास्त तापतो, म्हणून रुमाल त्याच्यावर. इतकी वर्षं मी ते कशासाठी बांधत होतो कोण जाणे, पण रुमाल चांगले वाळतात.

तू विचारलं नाहीस, तरी लिहितो. ती गादीवर डावीकडे झोपते. परवा दुपारी समोर बसली होती आणि तिचे खांदे हलताना दिसले. मला वाटलं, हसते आहे. मग तिनं तोंडावर पदर धरलेला दिसला. खणातून कानाचं यंत्र काढलं आणि लावलं. पत्र्यावर वाळू ओतावी तसा आवाज आला. यंत्र खराब आहे असं म्हणणार होतो. पण तिचा खोकला तसाच आहे. तीस वर्षांत मी तो दाराच्या या बाजूनं कधी ऐकला नव्हता. आता रोज ऐकतो. तिला राग येतो. म्हणते, "तो डबा काढ कानातून, मला खोकू दे सुखानं." मी काढत नाही. ती मला शिवी देते, तीही पत्र्यावर वाळूसारखीच येते.

सगळ्यात महत्त्वाचं काय, असं तू विचारलं होतंस. मी खोली म्हणालो होतो. ते बरोबरच आहे, त्यात बदल नाही. खोली कुणाची, हे मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

दाराकडे लक्ष जातं म्हणतोस. जाऊ दे. त्याला माझ्याकडे औषध नाही. पूर्वी होतं, रबराचं. त्याची रेघ अजून चौकटीवर आहे.

कोपऱ्यात काही ठेवू नकोस. घुमू दे.

मामा